युसूफभाईची टेस्टिंग

युसूफभाईच्या मुलाचा, इमरानचा, फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत उभा होतो. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापून पडला होता, बाया भारे बांधत होत्या, आणि मी नेहमीप्रमाणे स्वतः काही न करता मोठ्या आवाजात सगळ्यांना कामाला लावत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठी?" ... युसूफभाई कायम कुठेतरी गेलेलाच असायचा. कधी गोंडपिपरीला लग्नाचा मंडप टाकायला, कधी कुरखेड्याकडे नाटकाला साउंड लावायला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, आणि मग मला समजलं. सकाळचा चहा पिऊन तो अंगणात वायर गुंडाळत बसला होता. बसल्या जागी कलंडला. शमीमभाभी, म्हणजे त्याची बायको, आतून दुसऱ्यांदा चहा विचारत होत्या, आणि त्यांना वाटलं, हा नेहमीसारखं ऐकू न आल्याचं सोंग करतो आहे.

"एलान तुमीच करा काका," मी त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा इमरान दारात येऊन म्हणाला. "मशीन अब्बाचीच लावतो ऑटोवर." आमच्या सिंदेवाहीत कोणी गेलं की ऑटोवर भोंगा बांधून चौकाचौकात सांगत फिरतात, कोण गेलं आणि माती किती वाजता आहे ते. अशा बातम्या आजवर बहुतेक माझ्याच आवाजात आणि युसूफभाईच्याच भोंग्यातून गावाने ऐकल्या. ऑटो बाजारचौकात थांबला. मी माइक हातात घेतला, बोटाने ठोकला आणि म्हणालो, "हॅलो, हॅलो... माइक टेस्टिंग." जन्माची सवय. पानठेल्यावरची माणसं हसली. मग मी नाव घेतलं, आणि त्यांचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. पुढे जी वाटायची होती तिच्यासमोर ती काहीच नव्हती.

युसूफभाईचा मंडप-डेकोरेशन आणि साउंडचा धंदा. मी थोडी शेती करतो आणि उरलेला वेळ बोलतो. लग्नात, सत्कारात, शाळेच्या संमेलनात, जिथे म्हणून कुणीतरी "आता मी विनंती करतो" असं म्हणावं लागतं तिथे मला बोलावतात. इकडे झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, मंडईला नाटक आलंच, आणि नाटकाआधी पाहुण्यांचे हारतुरे आले. त्या हंगामात आम्ही दोघं एकाच मेटॅडोरमध्ये बॉक्सांच्या मधे बसून तालुके पालथे घातले आहेत. माझा आवाज चांगला आहे. हे मी सांगू नये, पण आजवर सांगत आलो, आणि त्यावरून त्याने मला कधी सुखाने बसू दिलं नाही. "देवाभाऊ, आवाज तुमचा नाई, माह्या मशीनचा आहे," तो म्हणायचा. "बिना माइकचं घरी हाक मारून पाहा. वहिनी येते का पाहा." मी चिडायचो. एकदा खरंच घरी हाक मारून पाहिली. बायको आली नाही, पण ती शेजारी गेली होती, त्यामुळे तो पुरावा मी धरत नाही.

साउंडवाल्यांची एक रीत असते. बॉक्स रचून झाले, वायरी जोडल्या की ते एक गाणं वाजवून पाहतात, आणि ज्याचं त्याचं गाणं ठरलेलं असतं. कुणाची आरती, कुणाची कव्वाली, कुणाचं जुनं सिनेमाचं गाणं. युसूफभाईचं इंग्रजी होतं. तरुणपणी तो नागपूरला जुना अॅम्प्लिफायर घ्यायला गेला होता. दुकानदाराने मशीन चालू आहे हे दाखवायला एक कॅसेट लावली, आणि हा मशीन विसरून कॅसेटच ऐकत बसला. दुकानदार म्हणाला, कॅसेट विकायची नाही. हा म्हणाला, मग मशीन पण राहू द्या. शेवटी दुकानदाराने वैतागून दोन्ही गळ्यात मारली. कॅसेटवर ना नाव ना गाव. सिंदेवाहीला आल्यावर त्याने मला घरामागच्या गोदामात नेलं, ताडपत्रीच्या घडीवर बसवलं आणि म्हणाला, "आता बोलू नका. तुमाले जड जाईन, पन बोलू नका."

खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं आहे. सुरुवातीला एकटा ड्रम गडगडतो आणि मग गिटार सुरू होते ती नको तिथे. ठोका जिथे पडायला हवा तिथे ती गप्प, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत च्यँक, च्यँक, च्यँक. मी मांडीवर ताल धरायला गेलो, तर माझा हात दर वेळी तिच्या आधीच पडायचा. युसूफभाई पोट धरून हसला. "आईले धान कांडतानी पाह्यलं का नाई कधी? एकीचं मुसळ खाली असते तवा दुसरीचं वर असते. तुमी दोन्ही संगच मारून राह्यले." मग मला ते कळलं. म्हणजे पायाला कळलं, डोक्याला पुष्कळ वेळ लागला. खालून बास गिटार चालते, तिला कसलीही घाई नाही. तिच्या अंगावर ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन, म्हणजे तो लांब नळी पुढे-मागे सरकवायचा बाजा. आमच्या वरातीतल्या बँडवाल्यांकडेही असले बाजे होते, पण तिथे सगळे एकदम एकमेकांवर ओरडायचे. इथे ट्रम्पेट काहीतरी विचारायचा, सॅक्सोफोन त्याला टोमणा मारायचा आणि ट्रॉम्बोन दोघांची समजूत घातल्यासारखा मागून घुमायचा. गाणाऱ्याचा आवाज काही खास नव्हता. मला ते बरंच वाटलं.

आणि गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं. बाजे गप्प, गिटार गप्प. दोन-तीन श्वास तर काहीच नाही, इतकं की कॅसेट अडकली असं वाटावं. मग अर्ध्या चालीने फक्त बास आणि ड्रम परत येतात, गाणारा एकेक शब्द टाकतो आणि तो शब्द दूरवर घुमत जातो. इतका वेळ घोळक्यात नाचणारा माणूस अचानक एकटाच उभा आहे असं वाटतं. मग हळूच एक ऑर्गन. त्याच्यामागून सगळे बाजे, आता दुप्पट वेगाने, जणू कुणी सुट्टी जाहीर केली. शेवटी ट्रॉम्बोनचा एकच लांब सूर, तो विरेपर्यंत आपण जागेवरून उठू शकत नाही. "एका गान्यात पूरी मशीन तपासून होते," युसूफभाई म्हणाला. "खालचं, मधातलं, वरचं, सारं आहे. अन मधात जे सुनं होते ना, तवाच समजते बॉक्सात घरघर आहे का नाई. बाकीचे लोक आवाज तपासतेत. मी सुनं तपासतो." हे वाक्य मी नंतर कितीतरी कार्यक्रमांत माझं म्हणून वापरलं. त्याला माहीत होतं. तो मागे मशीनजवळ बसून ऐकायचा आणि मान हलवायचा.

पुढे कॅसेट गेली, सीडी आली, ती गेली आणि पेनड्राइव्ह आला, पण टेस्टिंग तीच राहिली. गाव त्या गाण्याला घड्याळासारखं वापरू लागलं. बाजारचौकाकडून ते ऐकू आलं की बाया केस विंचरायला घेत, म्हातारे धोतर बदलत, चहावाला मोठं पातेलं चढवी. गाणं संपलं की लोक निघत. गाण्याची भाषा कुणाला समजत नव्हती, पण त्याचा अर्थ सगळ्यांना पक्का माहीत होता: मंडप तयार आहे, चला. एका लग्नात त्याच्या मशीनचा फ्यूज उडाला आणि टेस्टिंग झालीच नाही, तर अर्धे वऱ्हाडी मुहूर्त टळेपर्यंत घरातच बसून होते. नवरीचा बाप माझ्यावर ओरडला, मी युसूफभाईवर, आणि तो शांतपणे म्हणाला, "माह्यावर कायले चिल्लावता? पत्रिकेवर टाइम छापला होता ना?"

गाणं कुणाचं आहे हे कळलं ते अलीकडे. माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि सुट्टीत आली तेव्हा तिने फोनला ते गाणं ऐकवलं. फोनने लगेच ओळखलं. बँड इंग्लंडमधला, अर्धे गोरे, अर्धे काळे. जमैका बेटावरचं संगीत त्यांनी तिकडच्या गडबडगुंड्यात मिसळलेलं. वेगात असतं ते स्का, चाल अर्धी होते ते रेगे, आणि शेवटी बाजे उधळतात त्यात थोडं जॅझ, असं तिने समजावून सांगितलं. बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते गाणं त्यांचं होऊन जाईल, आणि आमच्या तालुक्यात ते कुणाचं आहे याबद्दल वाद नाही. तिने शब्दांचा अर्थही सांगितला. एका माणसाचा भांडखोर शेजारी घर सोडून जातो. भिंतीपलीकडून भांडण ऐकू येईनासं होतं, आणि या माणसाची झोप उडते. युसूफभाईने ते लक्ष देऊन ऐकलं. "एवढी दुःखाची गोष्ट," मी म्हणालो, "मग हे लोक नाचून काऊन राह्यलेत?" तो म्हणाला, "झोप नाई लागत त मानूस काय करन? नाचनच ना." त्या दिवशी त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि मधे सगळं थांबतं तिथे माझ्याकडे पाहून, भिंतीपलीकडून ऐकावं तसा, कानामागे हात धरला. त्यानंतर आमची निवांत अशी भेट झालीच नाही. मंडईच्या तारखा घ्यायच्या होत्या, मंडप धुवायचे होते, धान पिकत आला होता...

तो गेल्यावर काही दिवसांनी मंडईवाल्यांनी आणि बाजारातल्या दुकानदारांनी बाजारचौकात शोकसभा ठेवली. कापणीचे दिवस म्हणून वेळ सकाळची धरली आणि नेहमीप्रमाणे दुपार केली. निवेदन अर्थातच माझं. साउंड दुसऱ्या गावाहून मागवायचं ठरत होतं, मीच हट्ट धरला की बॉक्स युसूफभाईचेच लागले पाहिजेत. इमरानच्या मनात नव्हतं. तरी माझ्या शब्दाखातर त्याने बॉक्स रचले, वायरी जोडल्या आणि मला विचारलं, "काका, टेस्टिंगले काय लावू?" मी म्हणालो, "तेच लाव. पन आता नको. सभा भरू दे. मी हात केला का लाव." माझ्या डोक्यात सगळं बसलं होतं. सभा शांत बसलेली असेल, अचानक ते गाणं सुरू होईल, लोकांचे डोळे भरून येतील, मग मी हात करीन, गाणं हळूहळू बारीक होईल आणि त्यावर माझं पहिलं वाक्य येईल. वाक्यही तयार होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. मित्र मातीत जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी आरशासमोर उभा होतो.

मी हात केला. ड्रम गडगडला, गिटार सुरू झाली, आणि क्षणभर खरंच सगळे स्तब्ध झाले. मग बाजे आले. चहावाल्याने, बिचाऱ्याला काय माहीत, सवयीने मोठं पातेलं चढवलं. गल्लीतून पोरंसोरं धावत आली. समोर बसलेले एक म्हातारे, ज्यांना कमी ऐकू येतं, खुशीत मान डोलवू लागले. चौकाला लागून असलेल्या बांध्यांमधून बाया विळे कमरेला खोचून बांधावर आल्या आणि त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "मंडई आजच काऊन लावली वं?" पहिल्या रांगेत शमीमभाभींचे भाऊ बसले होते, कुरखेड्याहून आलेले. ते कुणाकडे बघत नव्हते, खाली बघत होते. मी त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं, तर ती माझ्या पायावर होती. माझा पाय ठेका धरत होता... अगदी बरोबर, मधल्या रिकाम्या जागेत.

मी घाबरून इमरानला खूण केली आणि त्याने बटण बंद केलं. ते नेमकं त्याच ठिकाणी, जिथे गाण्यात सगळं थांबतं. त्यामुळे गाणं बंद केलं आहे हे पुष्कळांना कळलंच नाही. ते बासची वाट पाहत बसले. मला समोर दिसत होतं ते वाट पाहणं, आणि मी त्यात माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पुढचंही सगळं म्हटलं. आवाज कापरा करायचा तिथे केला. भाषण संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. काहींनी वाजवता वाजवता मधेच हात मागे घेतले, पण वाजायच्या त्या वाजल्या होत्या. आणि त्याहून वाईट सांगतो. त्या टाळ्या मला आवडल्या. घरी पोहोचेपर्यंत आवडल्या. पाय धुताना बायको म्हणाली, "युसूफभाईच्या सभेत तुमी चांगले बोलले म्हने," आणि तिच्या तोंडून ते ऐकल्याबरोबर मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

त्यानंतर मी त्यांच्या घरावरून जायचं टाळू लागलो. बाजारात जायला लांबची गल्ली धरली. तिकडे कुजबुज होती, मला ऐकू येत होती: मयत झाल्यावर गाणं लावलं, तेही नाचाचं, आणि लावलं कुणी तर त्याच्या दोस्ताने. इमरानवर त्याचे मामा चिडले होते. चूक माझी आणि बोल त्याला. मी जाऊन सांगायला हवं होतं की पोराने माझ्या सांगण्यावरून केलं. पण ज्याची जीभ तालुकाभर चालते त्याला एवढं एक वाक्य घेऊन चार घरं ओलांडता येईनात. दोन-तीनदा निघालो आणि पानठेल्यापासून परत आलो. शेवटी इमरानच आला. "अम्मी बोलावून राह्यली," तो म्हणाला. मी विचारलं, "चिडली आहे का?" तो म्हणाला, "मले काई नाई सांगतलं."

शमीमभाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर बाई काही महिने घरातच राहते, परक्या पुरुषासमोर येत नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलो, त्या आतल्या दाराच्या पडद्यामागे. इमरान मधे उंबऱ्यावर बसला. तीस वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायलो, पण त्या दिवशी त्यांचा आवाज पडद्यातून ऐकताना मी पहिल्यांदा नीट ऐकला. माझ्या तयारीत माफीची मोठी वाक्यं होती. मी सुरुवात केली, "भाभी, त्या दिवशी माझ्याकडून जे घडलं त्याबद्दल मी अंतःकरणापासून..."

"देवाभाऊ," त्या म्हणाल्या, "मायकावर बोलल्यासारखं नका बोलू."

मी जोडलेले हात खाली घेतले.

"गानं तुमीच लावाले सांगतलं?"

"हो. इमरानची काही चूक नाही. ते मी तुमच्या भावाला पण सांगीन."

"ते सांगा. पन मी ते नाई इचारून राह्यली. मधातच बंद काऊन केलं?"

मग त्याच बोलू लागल्या, आणि त्यांचं बोलणं मी जसं आठवतं तसं लिहितो. "गावात कार्यक्रम असला का ते टेस्टिंग करत, अन गानं संपलं का घरी येत जेवाले. चौकातून इथवर यायले किती टाइम लागते? गरमच पाह्यजे त्यायले रोटी, थंडी झाली का तोंड वाकडं. मंग मी गानं चालू झालं का तवा ठेवो. मधात ते सुनं होते, तवा लाटाले घेवो. शेवटचा बाजा लांबला का पयली रोटी तव्यावर. ते चप्पल काढत तवा रोटी फुगून राहे. पूरी जिंदगी असंच केलं. मले त्यायनं कधी सांगतलं नाई येतो म्हनून, मी कधी इचारलं नाई."

इमरान खाली पाहत होता. मी त्या वेळी कुठे असायचो ते मला आठवलं. गाणं संपल्यावर युसूफभाई घरी जायचा तेव्हा मी मंडपामागे सदऱ्याला इस्त्री करून घेत असायचो.

"त्या दिवशी गानं लागलं," त्या म्हणाल्या, "अन मी उठून तवा ठेवला. ते नाहीत हे मले माहीत होतं देवाभाऊ. मी काई पागल नाई झाली. पन हात गेलेच. सुनं झालं तवा लाटली पन. अन मंग गानं पुढं गेलंच नाई. मी म्हटलं, आता येईन, आता येईन... लाटलेली रोटी हातात, तवा तापून लाल. टाकू का नोको टाकू? किती वेळ तशीच होती, मंग शेजारच्या पोरीनं येऊन गॅस बंद केला. तेवापासून दुपार झाली का मले तसंच होते. कान तिकडंच राह्यते. गानं संपलंच नाई ना माह्यासाठी."

मी म्हणालो, "भाभी, मी काय करू सांगा."

"पूरं वाजवा. एक डाव."

मी म्हणालो की लोक बोलतील, तुमचे भाऊ आधीच दुखावले आहेत, इद्दतीच्या घरातून गाणं ऐकू आलं तर बोल तुम्हाला लागेल. हे मी त्यांच्या काळजीने म्हणालो की माझ्या, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पडद्यामागून उत्तर आलं, "ते गानं नाई, त्यायची टेस्टिंग आहे. भावाले मी समजावीन. तुमी फक्त मधात हात नका करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गल्लीत आणि आजूबाजूच्या दोन गल्ल्यांत घरोघर गेलो आणि सांगून आलो. माइकशिवाय. दुपारी युसूफभाईची टेस्टिंग एकदा पूर्ण वाजेल, मंडई नाही, लग्न नाही, कुणी तयारी करू नका. काहींनी मान हलवली, काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. एका आजीला ऐकू गेलं नाही, तिला मी तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ओरडताना माझा आवाज फाटला. बिनमशीनचा माझा आवाज खरंच साधा आहे. भाभींनी भावाला स्वतः फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण दुपारी ते येऊन गोदामाच्या दाराशी उभे राहिले. मी त्यांच्याजवळ जाऊन जे सांगायला हवं होतं ते एका वाक्यात सांगितलं. त्यांनी फक्त "हं" केलं.

इमरानने गोदामात दोनच बॉक्स लावले, आवाज चौकापर्यंत जाणार नाही पण घरात पोहोचेल इतका. ड्रम गडगडला. मी ताडपत्रीच्या घडीवर बसलो होतो आणि एक पाय दुसऱ्याखाली दाबून धरला होता. स्वयंपाकघराची खिडकी गोदामाकडे उघडते. तिच्यातून तवा ठेवल्याचा आवाज आला. मग ते ठिकाण आलं, सगळं थांबलं, आणि खिडकीतून पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज येऊ लागला, स्पष्ट, न अडखळता. इमरान बटणाजवळ हात बांधून उभा होता. बास परत आली. ऑर्गन आला. बाजे उधळले, आणि त्या छोट्या गोदामात ते इतके आनंदात वाजले की मला मान वर करवेना. शेवटचा सूर लांबला, लांबला आणि संपला. रोटी भाजल्याचा वास गोदामात आला. कुणी चप्पल काढली नाही. थोड्या वेळाने आत गॅसचं बटण फिरवल्याचा खट् असा आवाज झाला.

इमरान आत गेला आणि ताट घेऊन बाहेर आला. रोट्या, वांग्याची भाजी, कांदा. "अम्मी म्हनते, गरम आहेत तवा खाऊन घ्या." मी म्हणालो, मला नको, मला कसं जाईल. तो म्हणाला, "टाकून द्यायच्या का मंग?" मी ताट घेतलं. सकाळपासून घरोघर फिरलो होतो, पोटात काही नव्हतं. हे लिहिताना मान खाली जाते, पण पहिला घास घेतला तेव्हा मला युसूफभाई आठवला नाही, रोटी किती मऊ आहे एवढंच कळलं. ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं गाण्याच्या मापाने भाजली जात होती त्याच्या गोदामात, त्याच्या बॉक्सांसमोर बसून मी भुकेलेल्या माणसासारखा भराभरा जेवलो. ताट रिकामं झालेलं पाहून इमरानने विचारलं, "अजून आनू का काका?"

मी हो म्हणालो.